काकांचं शून्य

गाडीत बसलात की स्टिअरिंगमागच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात बघा. बारीक काळे आकडे दिसतील. तो मी, ट्रिप मीटर. शेजारी एक छोटी खुंटी आहे. ती दाबून धरली की मी शून्य होतो. तुम्हाला जन्म एकदाच मिळतो, मला जवळजवळ रोज मिळतो. आकडे पुसले जातात, पण आठवणी राहतात.

याच काचेत माझा थोरला भाऊ राहतो. गाडी पहिल्या दिवसापासून किती धावली ते तो सांगतो आणि त्याला कुणी पुसू शकत नाही. पण त्याच्याकडे बघतं कोण? सर्विसिंगच्या दिवशी किंवा गाडी विकताना. रोजची विचारपूस होते ती माझी.

माझा पहिला मालक विजय, औषध कंपनीचा प्रतिनिधी. कंपनी त्याला किलोमीटरमागे पैसे देई. महिनाअखेरीस आकडा कमी वाटला तर तो खिडक्या उघड्या टाकून, गाणं म्हणत रिंग रोडला एक फेरी मारून येई. मला वाटे, याचं माझ्यावर केवढं प्रेम. पुढे त्याची बदली झाली आणि गाडी इराकडे आली.

इरा स्कॉटलंडला फिजिओथेरपी शिकली. तिथली नोकरी सोडून म्हैसूरला आली आणि सरस्वतीपुरमला काका-काकूंकडे राहू लागली. ज्याचं अर्धं अंग लुळं पडलंय त्याला ‘बस पकडून दवाखान्यात ये’ म्हणणं हा अन्याय आहे, दवाखान्यानेच त्याच्या दारी गेलं पाहिजे, असं ती म्हणे आणि म्हणताना तिचा आवाज चढे. तो दवाखाना म्हणजे आमची गाडी. डिकीत व्यायामाचे पट्टे, रबरी चेंडू, घडीची खुर्ची. सोमवारी पिरियापट्टण, बुधवारी सरगूर, शुक्रवारी मेटगळ्ळीकडचे कामगार. बाकी दिवस ती घरच्याच एका खोलीत पेशंट बघे.

रस्त्याचे पैसे ती कुणाकडून घेत नसे.

“लांब राहणं हा काय त्यांचा गुन्हा आहे, काकू?”

“गुन्हा नाही ग. पण पेट्रोलवाला आपला मावसभाऊ पण नाही,” गिरिजाबाई म्हणत.

नोकरीत असा खर्च दुसरं कुणी तरी बघतं. स्वतःचं काम म्हटलं की तो आपल्याच खिशातून जातो आणि त्यातला कामाचा किती, घरचा किती, हेही आपणच ठरवायचं असतं. म्हणून इरा रोज संध्याकाळी माझा आकडा फोनमध्ये टिपून घेई आणि मला शून्यावर आणून ठेवी. महिना संपला की एका बाजूला पेट्रोलच्या पावत्या, दुसऱ्या बाजूला माझे आकडे.

आता काकांबद्दल. गुंडेराव बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय नेटके गृहस्थ. गुरुवारी आणि शनिवारी गाडी घरी असे. तेव्हा ते किल्ली घेत, “मठात जाऊन येतो” म्हणत आणि खरोखरच मठात जात. तिथे त्यांचे मित्र दामोदरराव दर्शन घेऊन पायरीवर बसलेले असत.

“गुंड्या, मठ तर आयतु, झाला. नंजनगूड काय लांब आहे? स्वल्प पुढे.”

“अरे, पोरीची गाडी आहे.”

“मग काय झालं? सुम्ने, उगीच उभी असते ती घरात.”

की निघाले. नंजनगूड, श्रीरंगपट्टण, एकदा तर कुणाच्या तरी मुंजीला थेट हुणसूर. परतल्यावर काका फडक्याने काच पुसत, सीट इराला लागते तशी पुढे ओढत, आरसा तिच्या उंचीला वळवत आणि शेवटी माझी खुंटी दाबून मला शून्यावर आणत. घेतलेली वस्तू होती तशी परत ठेवायची, ही त्यांच्या आईची शिकवण. माझ्या शेजारची पेट्रोलची सुई तेवढी त्यांना पुन्हा वर चढवता येत नसे. तिच्याकडे त्यांचं लक्षही नसे.

मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोललो असतो.

इराचा हिशोब जुळेना. अठरा किलोमीटर जायला हवी ती गाडी लिटरला जेमतेम अकरा जात होती. तिने मेकॅनिकला दाखवलं. त्याने प्लग बदलले, फिल्टर बदलला, काही सापडलं नाही म्हणाला. पुढच्या महिन्यातही अकराच. साठवलेले पैसे संपत आले. तिने प्रत्येक गावाचा खर्च मांडला, तेव्हा सगळ्यात महाग ठरलं सरगूर. तिथे तिचे एकच पेशंट होते, नरसिंहमूर्ती मेष्ट्रु, म्हणजे मास्तर.

मेष्ट्रु शाळेतून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत उजवा हात लुळा पडला. इराने तो बोटाबोटाने जागा करत आणला होता. इथे थांबलं तर बोटं पुन्हा आखडतील, हे तिला माहीत होतं. त्या गावात दुसरं कुणी येणार नव्हतं.

त्या बुधवारी ती त्यांना सांगायला निघाली. काकूंनी काकांना बरोबर पाठवलं. मेष्ट्रुंच्या दारापुढेच गाडी उभी असल्याने मला सगळं ऐकू आलं.

“मेष्ट्रे, पुढच्या महिन्यापासून मला जमणार नाही. गाडी फार पेट्रोल खाते.”

मेष्ट्रु कन्नडातच म्हणाले, “तू रस्त्याचे पैसे कधी मागितले नाहीस. तेव्हाच मी बायकोला म्हटलं होतं, फुकट येणारी बस कधी बंद होईल सांगता येत नाही.”

“तुमच्याकडून कसे मागू?”

“का? मी भिकारी आहे? तू शिकवलंस, मी शिकलो. फी घेतेस, मग वाटखर्चानेच काय घोडं मारलं?”

“आता तोही पुरायचा नाही, मेष्ट्रे.”

परतताना काकांनी गाडी चालवली. इरा खिडकीबाहेर बघत रडत होती आणि काका ते न पाहिल्यासारखं करत होते. घरी पोचल्यावर ती तोंड धुऊन, फोन घेऊन आकडा टिपायला बाहेर आली. काकांचं काच पुसून, सीट सरकवून झालं होतं.

“काका, मीटर शून्य कसा?”

“मी केला.”

“आत्ता?”

“नेहमीच करतो. गाडी नेली की परत झीरो करून ठेवायची. अष्टे, एवढंच.”

“नेहमी म्हणजे? मठात जाता तेव्हा?”

“मठात, नंजनगूडला, कुठेही. तुझी वस्तू तुला होती तशी मिळाली पाहिजे ना.”

इराने पहिल्यांदाच माझ्या थोरल्या भावाकडे पाहिलं आणि मेकॅनिकच्या बिलावर लिहिलेला त्याचा जुना आकडा शोधला. दारातच बसून बेरीज-वजाबाकी केली. तिने फोनमध्ये टिपलेल्यापेक्षा गाडी कितीतरी जास्त धावली होती. लिटरला अठरा पडत होते.

“काका,” ती म्हणाली, “गाडीला काही झालेलं नाही. गाडीत दामोदरकाका होते.”

आतून काकू म्हणाल्या, “मठ एवढा लांब कधीपासून गेला म्हणते मी.” आणि इरा इतकी हसली की फोन हातातून पडला. काका मात्र ओशाळून फडक्याची घडी घालत राहिले. तिने तो फोन उचलून तिथूनच सरगूरला लावला.

आता काका आधी आकडा वाचतात, तिला कळवतात, मगच खुंटी दाबतात. “मठ पाच, नंजनगूड पन्नास, दामोदररावाच्या हट्टापायी बारा.” त्यांचं पेट्रोल ते मित्रांत वाटून भरतात. इराही आता वाटखर्च घेते, मोजून, कारण फुकट चालून मध्येच बंद पडणारी सेवा ही तिच्या मते आता फसवणूक आहे.

तुमच्याही गाडीत माझा कुणी भाऊबंद असेल. त्याला पुसायला हरकत नाही, पण आधी एकदा वाचा. आमची एवढीच मागणी आहे.

आज बुधवार. मी सरगूरला, मेष्ट्रुंच्या दारात उभा आहे. इरा आत बसून इंजिन सुरू करायचं थांबली आहे, कारण मेष्ट्रु खिडकीशी येऊन उभे आहेत. वाटखर्चाची नोट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे आणि ती ते उजव्या हाताने काढताहेत. बोटं खिशाच्या कडेला अडकतात, सुटतात, पुन्हा आत जातात. वेळ लागतोय. इरा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून शांत बसली आहे. ती मदत करत नाही.