प्रभावतीचा नेम

हळदीचे व्यापारी नानासोंनी बोटीचं रंगीत चित्र चहाच्या किटलीला टेकवून उभं केलं आणि बोट स्वतःच बांधल्यासारखी छाती फुगवली.

"बारा दिवस, शांतिनाथ! मुंबई ते लंका. नारळाची बनं, वाळू, बँड. नुसतं खायाचं न् लोळायचं."

प्रभावती दाराआड आठ महिन्यांच्या चंदनबालेला पाजत होती. कालपरवापर्यंत ह्याच बोटीनं लढाईवरचे शिपाई वाहिले असतील. आता पांढरा रंग फासून ती सांगलीच्या हळदवाल्यांना बेट दाखवणार होती. तासभर बोलणं चाललं होतं, पण समुद्राचं नाव कुणी काढलं नाही. पहिला वर्ग मात्र पाचदा निघाला.

"वैनींस्नी घ्या बरं का," नानासो म्हणाले. "आमची मंडळी सायबाला बघूनच पदर तोंडात कोंबती. विंग्रजी बोलणारं एक माणूस पायजे."

"तर वो! बी.ए. झालेली बायको काय उगीच केली?" शांतिनाथ हसला, बाजारातून आणलेली बैलजोडी दाखवावी तसा.

"आणि चंदू?" तिनं आतूनच विचारलं.

"ऱ्हाईल आईजवळ," शांतिनाथ म्हणाला. "शेळीचं दूध हाय की."

श्रावणात शेळीचंच दूध पाजलं होतं. मग मिरजेच्या दवाखान्यात नऊ दिवस. पोरीचे डोळे खोल गेले, टाळू खाली बसली.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वर्षाची होईपर्यंत वरचं दूध—"

"डाक्टर सांगत्यातच! शिकलेली बाई न् भेती कशाला?"

नऊ दिवसांत तो एकदा आला होता, तोही जंक्शनवर गाडीला वेळ होता म्हणून. ह्या माणसापुढं पोरीचं नाव घेऊन उपयोग नव्हता. आणि समुद्र तर तिलाच बघायचा होता. कॉलेजात नकाशातल्या निळ्या रंगाकडं ती तास संपला तरी बघत बसायची.

पुरुष बसले होते त्याच सोप्याच्या टोकाला सासूबाई, अंजनाबाई, पाणी गाळत होत्या. गाळण्यात अडकलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडायचे, हा त्यांचा जैन धर्म. प्रभावती मनातल्या मनात हसायची. फडक्यातून काय काय सुटतं, ते तिनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं.

ती पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली.

"आत्याबाई, बोटीवरचं पाणी गाळलं, तर गाळण्यातले जीव कुठं सोडायचे?"

अंजनाबाईंचा हात थांबला. "ज्या पाण्यातलं, त्या पाण्यात. न्हाईतर पाप हाय, बाई."

"पाणी टाकीतलं, आणि खाली खारा समुद्र. मी नाही जायची. माझा नेम आहे."

"कवापासनं?" शांतिनाथ खेकसला.

"आजपासून."

दिवाळीनंतर मंदिराच्या पंचांत त्याचं नाव लागायचं होतं. आईसमोर, पाहुण्यासमोर नेमाला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. किटलीला टेकवलेलं चित्र त्यानं उगीच सरळ केलं. तिला त्याची कीवही आली नाही.

"बाटलीत भरून माघारी आणू की, वैनी," नानासो गंभीरपणे म्हणाले.

शांतिनाथ बायकोशिवायच गेला. पुरुषांना नेम सोसत नाहीत.

नेम घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे अंजनाबाईंनी गाळणं सुनेच्या हातात दिलं. "माझं हात आता कापत्यात. नेम तुझा, तूच बघ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं. प्रभावतीला मान वर करवली नाही.

तेव्हापासून रोज चंदूला पाठीशी बांधून ती विहिरीवर जाते. गाळण्यातले जीव धुऊन घेतलेलं भांडं वरून ओतायचं नसतं. दोरानं हळूहळू पाण्याला टेकवायचं, मगच कलतं करायचं. हात स्थिर लागतो. खाली परातीएवढं गोल, हिरवट पाणी. ते हलायचं थांबेपर्यंत, कॉलेजात नकाशाकडं बघायची तशी, ती बघत उभी राहते. मग दोर ओढते.