एकोणीस इंचांची बैठक

मित्रांनो, आवाराच्या मागच्या भिंतीशी, पाण्याच्या टाकीजवळ ती फिकट निळी, बुटकी गाडी उभी आहे ना, तीच मी. शनिवार-रविवारच्या सहलींना भाड्याने जाणारी गाडी. आता वय झाले आहे. आज सकाळी कोणीतरी माझी काच पुसून गेले, त्यामुळे जरा बोलावेसे वाटते आहे. बसा. फार वेळ घेणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबर त्याच दिवशी माझ्या चाळीस बहिणी तयार झाल्या, सगळ्या एकाच नाकाच्या. तिथे दारे बसवणारा एक कारागीर होता. घाई कितीही असो, प्रत्येक दार तो तीनदा उघडून मिटून बघायचा. माझे पुढचे दार जरा जास्तच उघडत होते, पार काटकोनात. दुसऱ्या कोणी ते आवळून टाकले असते. तो म्हणाला, "असू दे. कधी कोणाच्या उपयोगी पडेल." करणाऱ्याच्या मनात काय असते ते चाकाला कळत नाही. चाकाने आपले फिरत राहावे.

पहिली पाच वर्षे मी एका डॉक्टरीणबाईंकडे काढली. घरोघरी जाऊन रोगी तपासणाऱ्या त्या बाई माझ्यातच जेवायच्या, माझ्यातच डुलकी काढायच्या. पुढे त्यांनी दुसरी गाडी घेतली आणि मी आक्कांच्या आवारात आले.

आक्का म्हणजे आमच्या मालकीणबाई. पत्र्याच्या छपराखाली आम्ही सात गाड्या. कचेरीत एक टेबल, खिळ्यांवर टांगलेल्या किल्ल्या आणि भिंतीलगत एक लांब बाकडे. या बाकड्याची गंमत ऐका. गिऱ्हाईक आले की आक्का आधी गाडी दाखवतच नसत. म्हणत, "सगळे आलात ना? मग बसा बघू बाकड्यावर, गाडीत बसणार तसे. पिशव्याही घ्या मांडीवर."

लोक हसायचे. पण बसल्यावर खरे काय ते दिसायचे. कोणाचे तीन धिप्पाड मेहुणे एका रांगेत मावत नसत. कोणाला लेकरू कडेवर हवे असायचे, कोणाला खिडकीशिवाय मळमळायचे. मग आक्का विचारत, "रस्ता कसला? सामान किती? रात्रीचं चालवणार का?" आणि मगच खिळ्यावरची किल्ली काढत.

एखाद्याने तरी हट्टाने मोठ्या गाडीकडे बोट दाखवलेच, तर आक्का सुनवायच्या, "गाडी म्हणजे चप्पल, बाबा. दुसऱ्याच्या पायात छान दिसली म्हणून आपण घालायची नसते. आणि दोन दिवसांच्या सहलीला बारा गावचं बिऱ्हाड कशाला?"

ते माझे वैभवाचे दिवस होते. नवी जोडपी मला नेत. कॉलेजातले चार मित्र बेसूर गाणी गात तलावावर नेत आणि ओले टॉवेल माझ्याच पाठीवर वाळत घालत. बिस्किटांचा चुरा, शिंपले, एकच मोजा, काय काय माझ्या बैठकांच्या फटीत सापडे! परत आणताना लोक म्हणत, "लहान आहे, पण गुणाची आहे हो."

मग आवारात पांढरी गाडी आली. उंच, रुंद, खुर्च्यांना मऊ गाद्या. आम्हा सगळ्यांच्या डोक्यावरून तिला रस्त्यावरचे दिसायचे. माणसे आत आली की थेट तिच्याकडे जायची. मी हळूहळू मागच्या भिंतीशी सरकले. माझ्या टपावर पाने साचू लागली. खोटे कशाला बोलू, वाईट वाटायचे. पण पांढरीचा त्यात काही दोष नव्हता. स्वभावाने ती साधीच होती.

आता ज्याच्यासाठी तुम्हाला बसवले ते सांगते.

एका शुक्रवारी संध्याकाळी एक शिंपी आला. चाळिशीचा, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. आक्कांनी सवयीने विचारले, "एकटेच? बाकीचे कुठंत?"

"बाकीचे म्हणजे मी, बायको आणि वडील," तो म्हणाला. "वडिलांचा गुडघा ऑपरेशननंतर वाकतच नाही. सहा वर्षं झाली, गावाबाहेर पडले नाहीत. माझी आत्या डोंगरापलीकडे असते. सोमवारी ती लेकीकडे परदेशात चाललीय, कायमची. पंचाहत्तरी उलटलीय तिची. आता भेट झाली नाही, तर..."

"मग वडिलांना आणा की. बाकड्यावर बसवू."

"माणूस कशाला, आक्का? माप आणलंय!" त्याने खिशातून कागद काढला. "आमच्या घरात तीन पिढ्या मापावर चालतात. एकदा माप घेतलं की गिऱ्हाइकाला पुन्हा बोलवत नाही आम्ही. हे बघा, कंबर ते टाच, एकोणचाळीस."

त्याने टेप काढली आणि आमच्या सगळ्यांच्या पोटात शिरून मापे घेतली. पांढरीच्या आत एकोणचाळीस इंच लांब पाय आरामात पसरत होता, वर चार इंच उरत होते. तो खूश झाला. आक्का दोनदा म्हणाल्या, "माणूस बसवून बघा हो एकदा." तो म्हणाला, "बाबांना सकाळी दारात गाडी दाखवून चकित करायचंय." एवढ्या प्रेमापुढे आक्कांचा नियम वाकला. पांढरी गेली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पांढरी परत. चालवत होती शिंप्याची बायको, आणि ती उतरली ती तणतणतच. काय घडले ते तिने आक्कांना सांगितले आणि मी भिंतीशी उभी राहून सगळे ऐकले.

तिच्या सासऱ्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणे. मास्तर पहाटे उठून, दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून दारात बसले होते. गाडी आली, दार उघडले, आणि पाय ठेवायची जागा पार गुडघ्याच्या वर! न वाकणारा पाय तिथवर न्यायचा कसा? मुलाने काखेत हात घातला, शेजारी मागून रेटू लागला. खिडक्यांतून माणसे बघू लागली. तेव्हा मास्तर कडाडले, "सोडा! मी काय कापडाचा तागा आहे, उचलून फळीवर टाकायला?" आणि काठी टेकत आत निघून गेले. जाताना म्हणाले, "ताईला कळव, मास्तरला काम निघालं."

"सहा वर्षांनी माणूस गावाबाहेर निघाला होता, आक्का," सूनबाई म्हणाली. "आणि आम्हीच त्यांना परत आत पाठवलं. नवऱ्याला म्हटलं, अहो, तुम्ही उभ्या माणसाचं माप घेतलंत. गाडीत कुणी उभं राहतं का?"

"मग तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? शिलाई मशीनपाशी तोंड खाली घालून बसलेत."

आक्का उठल्या. "बाकड्यावर काही मास्तर आता येत नाहीत. पण मला एक सांग, घरात ते कुठल्या खुर्चीवर आपलं आपण बसतात आणि आपलं आपण उठतात?"

सूनबाईचा चेहरा उजळला. "ओसरीतल्या वेताच्या खुर्चीवर! सोफ्यात रुततात, पलंगावर चढता येत नाही. पण त्या खुर्चीला कुणाचा हात लागत नाही त्यांना." तिने घरी फोन लावला. पलीकडे नवऱ्याने खुर्ची मोजली. जमिनीपासून बैठकीपर्यंत एकोणीस इंच.

मग दोघी टेप घेऊन निघाल्या. पांढरी, तीस. लाल, तेवीस. करडी सोळा, म्हणजे खड्डाच. असे करत करत त्या मागच्या भिंतीशी आल्या. पाने झटकली. टेप जमिनीला लावली.

"एकोणीस!" सूनबाई ओरडली.

आक्कांनी माझे दार उघडले. ते उघडतच गेले, काटकोनात. पुढची बैठक मागे सरकवायला दांडा ओढला, तर तो गंजून बसलेला. आक्कांनी पदर खोचला, तेलाची कुपी आणली, आणि त्या एवढ्या मोठ्या बाई जमिनीवर बसून माझ्या बैठकीखाली तेल सोडू लागल्या. बैठक कुरकुरली आणि टोकापर्यंत मागे गेली. मग माझ्या चाकांत हवा भरली. मित्रांनो, चाकांत हवा भरतात तेव्हा कसे वाटते ते मी तुम्हाला सांगू शकणार नाही. पण त्या दिवशी ती हवा चाकांतच राहिली नाही, एवढे खरे.

मास्तरांच्या दारात मी उभी राहिले तेव्हा साडेअकरा झाले होते. मुलगा बाहेर आला, पण बायकोने त्याला डोळ्यानेच मागे थांबवले. मास्तर आतून म्हणाले, "पुन्हा तमाशा नको."

"बाबा, चढायचं नाहीच आहे," सूनबाई म्हणाली. "नुसतं बसायचं. खुर्चीत बसता तसं, पाठमोरं. कुणी हात लावणार नाही. नाही जमलं तर गाडी परत नेते आणि आत्याबाईंना मीच सांगते, तुम्हाला काम आलंय म्हणून."

मग काठीचा आवाज आला. मास्तर आले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, मागे हात नेऊन बैठक चाचपली. गिऱ्हाइकाच्या कापडाचा पोत बघावा तशी. आणि टेकले. मग हळूच वळले. ताठ पाय रुंद उघडलेल्या दारातून, कुठेही न अडता, आत आला. मास्तरांनी पट्टा लावला आणि समोर बघत मुलाला म्हणाले, "आता काय मुहूर्त काढायचाय का? चल की!"

मुलगा हसला आणि डोळे पुसत स्टिअरिंगशी बसला.

डोंगराचा चढ मी धापा टाकत चढले, कबूल करते. पण चढले. ताईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, गावची गल्ली अशी की दोन्ही बाजूंना स्कूटर, कुंड्या, वाळत घातलेली चादर. पांढरी तिथे कोपऱ्यावरच अडली असती. मी पोट आत घेऊन सरकत सरकत थेट जिन्याच्या तोंडाशी जाऊन थांबले.

आणि तिथे नवी अडचण! ताई राहायच्या तिसऱ्या मजल्यावर. मास्तरांना जिना चढवेना, आणि ताईंना दम लागायचा. सूनबाई वर सांगायला गेली. मास्तर काच खाली करून जिन्याकडे कान लावून बसले. पाव तास गेला. एकेका पायरीवर थांबत येणाऱ्या सपाता ऐकू येऊ लागल्या.

"अजून पोचली नाहीस का?" मास्तर आतूनच ओरडले. "पाय माझा मोडलाय, तुझा नाही!"

"पाय मोडला, पण जीभ शाबूत ठेवली देवानं तुझी, गुंड्या!" जिन्यातून उत्तर आले. लहानपणी मास्तरांनी शर्टाची गुंडी गिळली होती. तेव्हापासून जगात एकच माणूस त्यांना गुंड्या म्हणत असे.

ताई आल्या आणि चालकाच्या जागेवर बसल्या. दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

मग मास्तरांनी मागच्या बैठकीवरचे पुडके मागून घेतले. आत लोकरी कोट होता. "तिकडं थंडी असते म्हणतात. तुझं माप होतं माझ्या वहीत."

ताईंनी कोट अंगात घातला. खांदे खाली उतरले, बाह्यांत बोटे बुडाली. मास्तर बघतच राहिले. "ताई... एवढीशी झालीस?"

"सहा वर्षांपूर्वीचं माप ते. माणूस काय वहीत राहतं का रे?"

मास्तरांनी खिशातून सुई काढली, ताईंना दोरा ओवायला दिला आणि तिथेच, माझ्या पुढच्या बैठकीवर, कोट उसवायला घेतला. मुलगा म्हणाला, "बाबा, आपल्या दुकानात मशीनवर दहा मिनिटांत..." सूनबाईने त्याला दंडाला धरून चहा प्यायला नेले.

रात्रीपुरती तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दोघांना जागा दिली; बाकी ती सगळी दुपार आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ, भाऊ-बहीण माझ्यातच बसले होते. तो शिवायचा, ती दोरा ओवायची. मध्येच आईची आठवण निघे, मध्येच भांडण. "त्या दिवशी पतंग तूच फाडला होतास." "मुळीच नाही, तू!" टाका मुद्दाम हळू पडत होता हे मला कळत होते. ताईंनाही कळत होते, कारण त्या एकदा म्हणाल्या, "गुंड्या, हा टाका तू तिसऱ्यांदा उसवलास," आणि मास्तर म्हणाले, "नीट नको का बसायला?"

रविवारी दुपारी कोट पुरा झाला. ताईंनी भर उन्हात तो घातला. बरोब्बर बसला. त्यांनी मास्तरांच्या डोक्यावरून, अगदी विरळ झालेल्या केसांवरून हात फिरवला. मग बाहेर पडल्या, आणि निघताना माझे दार दोन्ही हातांनी इतके हळू लावले की आवाजच झाला नाही. परतीच्या वाटेत मास्तर बराच वेळ त्या मिटल्या दाराकडे बघत होते.

मित्रांनो, आता माझे फार दिवस उरले नाहीत. आक्का म्हणतात, या वर्षी हिला विश्रांती. पुढेमागे तुम्ही दोन दिवसांसाठी गाडी न्याल. तेव्हा उंची आणि झळाळी बघून भुलू नका. घरातल्या सगळ्यांत अवघडलेल्या माणसाला आधी विचारा, त्याला बरोबर न्या, बसवून बघा. त्याला जी जमेल तीच तुमची गाडी. नेलीत की तिला आपली समजा. चुरा झाडा, काच पुसा, गंजायच्या आधी तेलाचा एक थेंब सोडा.

आणि उतरताना भाड्याचीच आहे म्हणून दार आपटू नका. त्याच दारात कधीतरी कोणीतरी कोणाचा तरी निरोप घेतलेला असतो.