दारावरचं नाव

या मायबापहो, जरा जवळ सरका. एका दाराची गोष्ट सांगतो.

शिडीवर चढलेल्या बेत्तिरी पाथरवटाने दारावरच्या आडव्या दगडाची धूळ तळव्याने झाडली आणि कोळशाने दोन ओळी आखल्या. खाली गानिश शिडी धरून उभा होता. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या बास्क मुलखातल्या त्या टेकडीवर त्याचं घर नुकतंच पुरं झालं होतं, पण बघणाऱ्याला तीनशे वर्षांचं वाटावं असं. कोपऱ्यांना तांबूस घडीव दगड, चुन्याच्या पांढऱ्या भिंती, लाल रंगवलेली लाकडं. अमेरिकेत तीस वर्षं परक्यांची मेंढरं वळताना त्याने हेच घर मनात बांधलं होतं.

"लेका, आजोबांच्या वेळचं घर उभं केलंस, पण आजी कुठाय?" बेत्तिरी वरून हसला. "दारावर जोडीची नावं लागतात. तुझं एकट्याचं कोरलं तर दगड लंगडा दिसेल."

"आधी कात्तालिन कोर."

बेत्तिरीने उचललेली छिन्नी थांबली. "तुझी बहीण?"

"माझ्या तिकिटासाठी तिने हुंड्याच्या दोन्ही गायी विकल्या. मग तिला कोण करून घेणार? जन्मभर लोकांच्या घरी राबली, तिथेच गेली. देवळात घरोघरच्या मेलेल्यांसाठी मेणबत्त्या लागतात. तिला घरच नाही."

"तू लाव की."

"लावतोच. पण माझ्यामागे कोण आहे? उद्या इथे कुणीही राहायला येवो, दारावरच्या नावाची मेणबत्ती त्याला चुकायची नाही. आपली रीतच आहे ना ती?"

बेत्तिरीने पहिल्या ओळीवर छिन्नी चालवली. दुपारपर्यंत अक्षरं उमटली. मग त्याने दुसऱ्या ओळीवर छिन्नी टेकवली.

"हं, आता तुझं."

गानिशने शिडीवरचा हात काढून घेतला.

"ती ओळ पुसून टाक. घर मागे राहिलेल्याचं असतं, बेत्तिरी. मी तर गेलो होतो."

"अरे वेड्या, मग तुझी मेणबत्ती?"

गानिश तोवर आत गेला होता. दहा माणसांच्या मेजावर त्याने दोघांपुरतं सूप वाढलं आणि पाथरवटाला जेवायला हाक मारली. बेत्तिरीने ओल्या फडक्याने कोळसा पुसला, दोनदा पुसला, आणि सावकाश खाली उतरला.

कात्तालिनचं नाव दगडात आहे. ते कुणी ना कुणी वाचेल. तुम्ही संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा गानिशचं नाव तेवढं घ्या.