साक्षीला आई

त्याला घुम्या म्हणायला सुरुवात केली ती त्याच्या आईनंच, हे आधी सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे ही माउली जे बोलली ते ऐकून तुम्हाला वाटेल, हिला दुसराच कुणी मुलगा असावा.

घुम्या कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे. हा मागच्या खोलीत बसून त्यांवर मेण चढवायचा, दात बसवायचा, घासून घासून चकाकी आणायचा. संबंध तोंडाशी, पण तोंडाच्या मालकाशी नाही. याहून सोयीचं काम त्याला कुठे मिळणार होतं! चहाच्या वेळी बाकीचे कारागीर बाहेर गप्पा छाटत बसत आणि हा दिव्याखाली दाताची छटा जुळवत बसे. "बोलायला काय पैसे पडतात का रे तुला?" मालक विचारायचा. घुम्या त्यावर खरोखर विचार करायचा आणि म्हणायचा, "नाही."

त्याची बायको पोस्टात खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांशी डोकं लावून घरी आली तरी तिच्याकडे बोलणं उरलेलं असे, आणि ऐकायला हा! हा जेवायचा, ताट धुवायचा आणि आतल्या खोलीत जाऊन बसायचा. तिला ताप आला तर औषध आणून उशाशी ठेवायचा, पाण्याचा पेला झाकून ठेवायचा, आणि पुन्हा आत. शेवटी तिचाही जीव मेटाकुटीला आला. कपडे भरून ती बहिणीकडे राहायला गेली.

जाताना म्हणाली, "तू वाईट असतास तर भांडले तरी असते. भिंतीशी कोण भांडणार?" मग दारातून परत फिरली. "एकदा कुणा जाणकाराला दाखव. तुला जमत नसेल तर मी येईन परत, दोघं मिळून शिकू. पण तुला मी नकोच असेन, तर तेवढं तरी कळू दे मला."

जमत नाही की नको, एवढाच सवाल होता. आणि घुम्याचा अख्खा संसार त्याला टांगलेला होता.

मानसोपचार करणाऱ्या बाई सज्जन होत्या. आवाज मऊ, खोलीत उजेड बेताचा. त्यांनी नीट समजावून सांगितलं. ऑटिझम असेल तर तो लहानपणापासून असतो; अशा माणसाला बऱ्याचदा माणसं हवी असतात, पण त्यांच्यात मिसळायची रीत उमगत नाही. स्किझॉइड व्यक्तिमत्त्व असेल तर माणसांची ओढच कमी. "वरून दोघं सारखेच दिसतात," त्या म्हणाल्या, "आणि कधीकधी एकाच माणसात दोन्हीही असतं. त्यामुळे घाई करायची नाही."

नंतर त्यांनी विचारलं, "पत्नी गेल्यावर काय वाटलं?"

"घर शांत झालं," घुम्या म्हणाला. "बरं वाटलं."

पुढचं तो जुळवत होता. ते बरं वाटणं आठवडाभरात नासलं, हे सांगायचं होतं. तिची चप्पल दाराशी दिसत नाही म्हणून आपण दोनदा कामावरून अर्ध्यात घरी आलो, हेही सांगायचं होतं. बाई थांबल्या. पण माणसं जेवढी थांबतात तेवढ्याच थांबल्या, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. पहिलं अर्धं तेवढं नोंदलं गेलं.

"तुम्हाला लहानपणी ओळखणारं कुणी आहे?" त्यांनी शेवटी विचारलं. "निकाल बराचसा त्यावर ठरेल."

"आई आहे," घुम्या म्हणाला. त्याला केवढं हायसं वाटलं! आईला सगळं माहीत होतं. कुणी जवळ घेतलं की तो ताठ व्हायचा आणि किंचाळायचा. खेळायला बोलवायला पोरं आली की कपाटात जाऊन बसायचा. बाटल्यांची झाकणं रांगेत लावायचा, आणि एखादं कुणी हलवलं तर अंग घुसळत तासन्‌तास रडायचा. आईनं तोंडाला पदर लावून किती रात्री रडून काढल्या होत्या त्यापायी! ती सांगेल.

आई ठेवणीतले कपडे घालून आली. समोर परकी बाई, हातात पेन, आणि मुलाविषयी चौकशी. असं तिच्या आयुष्यात याआधी एकदाच झालं होतं, मुलाचं लग्न जमवताना. झालं! आईची जीभ जुन्या वाटेला लागली.

"अगदी लाघवी पोर हो! मांडीवरून उतरायचा नाही."

"मित्र होते?"

"मित्र? घरात पाय ठेवायला जागा नसायची!"

घुम्या बाजूच्या खुर्चीत होता. "आई," तो म्हणाला, "तो दुसरा कुणीतरी."

आई खळखळून हसली. "बघा! आणि वर विनोदी!"

बाईसुद्धा हसल्या. त्यांचं तरी काय चुकलं? पोटची आई सांगतेय म्हटल्यावर कुणीही मान डोलावेल. पुढच्या खेपेला त्यांनी घुम्याच्या संमतीनं बायकोलाही बोलावलं आणि जपून जपून सांगितलं. लहानपण व्यवस्थित गेलेलं दिसतं, तेव्हा ऑटिझम म्हणता येत नाही; स्किझॉइडकडे झुकतं आहे.

"म्हणजे मी नकोच," बायको म्हणाली.

"असं एका शब्दात..." बाई म्हणू लागल्या, पण ती पर्स उचलून निघून गेली होती.

घरी आल्यावर घुम्यानं विचारलं, "खोटं का सांगितलंस?"

आई उसळली. "मग काय सांगू? तिच्या आईबापांना मी शब्द दिला होता, मुलगा थोडा लाजाळू आहे, बाकी सोनं आहे. आता म्हणू, जन्मापासून असाच होता? फसवलं म्हणतील मला! तोंड दाखवायला जागा राहील?"

"आणि मी?"

"तुला काय? तुला कशाचं काही वाटतं का?"

घुम्या होता तिथेच जमिनीवर बसला. डोकं गुडघ्यांत घातलं आणि अंग घुसळायला लागला, पुढे-मागे, पुढे-मागे, चाळीशी उलटलेला बाप्या. घशातून तोच बारीक आवाज. आईनं हात पुढे केला आणि मागे घेतला. हात लावायचा नाही, हे तिला अजून आठवत होतं. मेली, सगळं आठवत होतं तिला!

दुसऱ्या दिवशी आईनं त्याला बरोबर घेतलं आणि सुनेच्या बहिणीचं घर गाठलं. दारातच सगळं ओकून टाकलं. कपाट, झाकणं, किंचाळणं, लग्नाच्या वेळची लपवाछपवी. आयुष्यात पहिल्यांदा ती बाई पाठ न केलेलं बोलत होती, म्हणून अडखळत होती.

सुनेनं शांतपणे ऐकून घेतलं.

"लग्नाच्या वेळीही तुम्ही असंच सोयीचं बोलला होतात, आई. तेव्हा सून हवी होती. आता ती परत हवी आहे."

"अगं, देवाशपथ खरं सांगतेय! मी त्या बाईंकडे जाते, त्यांनाही सांगते."

"जा की. त्या विचारतील, तेव्हाचं खरं की आजचं?"

मग बायको नवऱ्याकडे वळली. "राहू दे सगळ्यांचं. तू सांग. तुला मी हवी आहे का?"

आणि ती थांबली. खरंच थांबली, इतकं त्याच्यासाठी आजवर कुणी थांबलं नव्हतं. घुम्यानं पूर्ण विचार केला. आतलं सगळं नीट तपासून पाहिलं, उगाच काही चुकीचं जायला नको.

"हवी आहेस," तो म्हणाला.

तिचे डोळे भरून आले. ती एक पाऊल पुढेही आली. पण अर्धंच सांगून काय होतं, हे तो आता चांगलं शिकला होता. म्हणून या वेळी त्यानं वाक्य पुरं केलं.

"पण रोज नाही."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. बायकोनं पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"हे लग्नाआधी सांगायचंस रे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तोच असता तर बरं झालं असतं.

"मला कुणी विचारलंच नव्हतं," घुम्या म्हणाला.

तिनं सासूकडे पाहिलं. सासू खाली वाकून आपल्या चपला शोधत होती.