पायाळूचा दवाखाना

गौतमीनं लोकांनी पायासाठी आणलेले टेबलावरचे नारळ एकेक करून उचलले आणि बाहेर पायरीवर नेऊन ठेवले. पायरीखाली सकाळपासून अकरा माणसं कमरेवर हात देऊन उभी होती.

शिक्रापुरात दवाखाना टाकल्यापासून दोन महिने ती वर्तमानपत्रांत पत्रकं घालत होती: पाठ, मान, मणक्यांचे उपचार, पदवीधर फिजिओथेरपिस्ट. तीन पेशंट आले. असंच चाललं तर महिनाअखेर गाळा एसटीडी बूथवाल्याला देणार, असं मालकानं बजावलं होतं. म्हणून तिच्या आईनं, आक्काबाईनं, गावी वरवंडच्या बाजारात आणि सणसवाडीच्या कंपन्यांच्या गेटवर आपल्या परीनं जाहिरात केली: पोरगी पायाळू हाय. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात, त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, हे तिकडं सगळेच मानत.

पहिला नंबर वरवंडच्या हौशीरामचा. मोठा बागायतदार, पण पाठीनं वाकवलेला, जमिनीकडं बघत चालणारा.

"ल्हान व्हतीस तवा तुझा पाय लागला, तर सात वर्सं पाठ दुखली न्हाई. लाव पोरी, चौफुल्याची गाडी धरायचीय मला."

"आप्पा, टेबलावर पालथे झोपा. हातानं मणके बघते. आठ दिवस यावं लागंल."

हौशीरामनं तिच्या हातांकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं.

"हात नगं. म्या पायाला आलतो."

"पाय शिकलेला न्हाई माझा. हात शिकलाय."

तो दाराकडं वळला. आक्काबाईनं लेकीला पडद्याआड ओढलं.

"लाव की पाय! झिजतोय व्हय? गाळा गेला मंजी काय करशील?"

"गेला तर जाऊ दे. दहावीपर्यंत लोकांच्या पाठीवर पाय दिले, पुरे झालं. पायाळू जन्मले म्हणून जन्मभर लाथाच मारू का?"

आक्काबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"पायाळू न्हाईस तू."

"काय?"

"डोक्याकडनंच आलीस, चारचौघींवानी. सुईणीला म्याच गप केली. ही माणसं आपल्याला पाण्याला शिवू देत न्हवती. म्हणलं, बघतेच. मंग एकेक आपल्या दारात येऊन पालथा पडायचा, आन् चार वर्साची तू त्याच्या पाठीवर पाय द्यायचीस. म्या वट्यावर बसून बघायची."

तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती.

गौतमीनं हात धुतले, पुसले आणि ती दारात आली.

"ऐका. मी पायाळू न्हाई. कधीच नव्हते. ज्यांना हात चालतो त्यांनी आत या. बाकीच्यांची गाडी चुकायला नको."

"आन् माझी सात वर्सं गं?" हौशीराम ओरडला.

"तवा दोन महिनं खाटंवर पडून व्हता, आप्पा!" आतून आक्काबाई म्हणाली. "इसाव्यानं बरी झाली पाठ, पायानं न्हाई!"

कुणीतरी खो-खो हसलं. चार-पाच जण निघून गेले, काही घुटमळले. हौशीराम रागानं पायरी उतरायला गेला आणि मध्येच थिजला. कमरेत कळ भरली होती. तोल सावरायला त्यानं हाताला लागलं ते धरलं. ते गौतमीचं मनगट होतं.

"सोडा, न्हाईतर आत चला," ती म्हणाली.

रस्त्यापलीकडं वरवंडची दोन माणसं उभी होती. हौशीरामनं त्यांच्याकडं पाहिलं. मनगट सोडलं नाही.