गोऱ्ह्याला डॉक्टरांची नजर

बोरखेडीत पाऊल टाकल्याबरोबर माधव देशकरांच्या हातून जी चूक झाली, ती टाळायला जबलपूरच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

देशकर म्हणजे हिंगणघाटच्या दवाखान्यातले नवे ढोरांचे डॉक्टर. मे महिना संपत आला होता आणि पाऊस पडायच्या आत गावातली तरणी जनावरं टोचायची होती. अल्लीपुराहून सायकल हाकत ते आले, तेव्हा हरिदास नावाचा शेतकरी हौदावर आपल्या गोऱ्ह्याला पाणी पाजत होता. गवळाऊ जातीचा, दुधासारखा पांढरा, दीड वर्षाचा गोऱ्हा. मांड्या अशा भरलेल्या की हात फिरवावासा वाटावा. माधवरावांनी फिरवलाही.

"वा, काय भरलाय! गावात एकटांग्या आला, तर पहिला हाच जाईल."

वाक्य शास्त्राला धरून होतं. एकटांग्या म्हणजे फऱ्या रोग; त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात, चरताना गवताच्या मुळांबरोबर पोटात जातात आणि तिथून मांसात जाऊन दडतात. भरलेलं, तरणं मांस त्यांना फार मानवतं. हाडकुळ्या म्हाताऱ्या बैलाकडे ते सहसा ढुंकूनही बघत नाहीत. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं.

गावाने ऐकलं ते वेगळं. परका माणूस आला, गोऱ्ह्याला डोळे भरून पाहिलं, तोंड भरून वाखाणलं, वर मरणही बोलून गेला. हरिदासने खांद्यावरचा दुपट्टा काढून गोऱ्ह्याच्या पाठीवर टाकला आणि त्याला घरात नेलं. कडी लागल्याचा आवाज हौदापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेखाली माधवरावांनी स्टोव्ह पेटवला, पिचकारी उकळली, ओल्या फडक्यातली लशीची बाटली काढली. जनावरं येऊ लागली. एक शिंगमोडकी गाय आली. एक आंधळी म्हैस आली. मागून असा एक बैल आला, की त्याने इंग्रजांच्या आधीच निवृत्त व्हायला हवं होतं.

"तरणी जनावरं कुठं आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"हेच हायेत," गावचे म्हातारे नानाजी म्हणाले.

"नानाजी, या बैलाला एकटांग्या विचारणारसुद्धा नाही."

"असं कसं साहेब? मानसाच्या दवाखान्यात कोन जाते? ज्याच्यात जीव नाई थोच ना? पैलवान कायले जाईन सुई घ्याले?"

घराघरांतून मात्र गुबगुबीत वासरांचं हंबरणं ऐकू येत होतं. ते पिचकारी घेऊन थेट हरिदासच्या घरी गेले. नानाजी मागोमाग, आणि नानाजींच्या मागे निम्मं गाव.

गोऱ्हा चुलीच्या खोलीत होता. कणगीला टेकून तो भाकरीच्या टोपलीचा वास घेत होता. हरिदासची बायको अन्नपूर्णाबाई एका हाताने भाकरी थापत होती नि दुसऱ्याने त्याचं तोंड ढकलत होती.

"काकू, तुमच्याकडे मागच्या वर्षी एक गोऱ्हा गेला म्हणतात," माधवराव म्हणाले.

"याचाच भाऊ. सकाळी लंगडून राह्यला होता. मांडी सुजली, हात लावला तं चरचर वाजे. दुसरा दिवस नाई पाह्यला त्यानं."

"तोच एकटांग्या. त्याच रानात हा चरतो. मला टोचू द्या."

"तुमी टोचसान," हरिदास दारातून बोलला, "पन कालची नजर कोन काढन?"

माधवरावांच्या जिभेवर आलं, की ही सुई म्हणजेच नजरेवरचा उतारा. सगळं सोपं झालं असतं. पण खोटं बोलून लस टोचली, तर पुढच्या वर्षी लोक सुईऐवजी लिंबू मागतील, हेही त्यांना दिसलं. "नजरेने जनावर मरत नाही, हरिदासभाऊ," ते म्हणाले. "पण तुमचं समाधान होत असेल, तर सांगा, मी काय करू?"

"ज्याची लागली त्यानंच उतरवावी," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "बसा खाली. आन् मंग मी सांगतो ह्यायले सुईचं."

सौदा ठरला. जबलपूरचे पदवीधर शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसले. मुठीत मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. गोऱ्ह्यावरून हात ओवाळताना "आल्यागेल्याची, भुताखेताची" म्हणायचं होतं. "आन् डाक्टरची," नानाजींनी मागून आठवण दिली. तेही म्हणून झालं. मूठ चुलीत पडली.

आता सगळ्यांनी कान टवकारले. नजर कडक असली तर मिरच्यांचा ठसका येत नाही. ठसका आला तर नजर नव्हती, असा नेम.

ठसका असा आला, की गाव अंगणात पळालं. माधवरावांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. गोऱ्हा सगळं अंग आखडून शिंकला, तो नानाजींच्या धोतरावर.

"साफ हाय," धोतर झटकत नानाजींनी निकाल दिला. "डाक्टरची नजर साफ हाय."

माधवराव हसले आणि पिचकारी भरू लागले.

"थांबा साहेब," हरिदास म्हणाला. "नजरच नाई, तं सुई कायले?"

डॉक्टरांचा हात तिथेच थांबला. स्वतःच्या हाताने प्रयोग केला होता आणि निकाल स्वतःवरच उलटला होता. समजावायला तोंड उघडलं, तर खोकला आला.

"मागच्या साली मी याच चुलीत मिरच्या टाकल्या होत्या," अन्नपूर्णाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली. "असाच ठसका आल्ता. तुमीच म्हटलं ना नानाजी, साफ हाय म्हनून?"

"म्हटलं असंन."

"तरी गेला ना थो? मंग त्याले कोनं मारलं?"

नानाजी छपराकडे पाहू लागले. हरिदासने गोऱ्ह्याकडे पाहिलं. गोऱ्ह्याने ती संधी साधून एक भाकरी उचलली.

"नजर नव्हती, तं मंग दुसरंच काई असंन," ती म्हणाली. "धरा त्याचं मुंडकं. टोचा साहेब."

हरिदासने मुंडकं धरलं. मानेवरची कातडी चिमटीत उचलून माधवरावांनी सुई घातली. गोऱ्हा भाकरी चघळत राहिला.

दुपारपर्यंत चिंचेखाली गुबगुबीत वासरांची रांग लागली. नानाजींनी फक्त एक अट घातली: "टोचाचं तेवढं टोचजा. पन चांगलं बोलाचं नाई. ठसका एकदाच पुरे झाला." मग डॉक्टर एकेका देखण्या वासराच्या मानेवर हात ठेवून "काय हे मरतुकडं," "बकरी बरी याच्यापेक्षा," असं म्हणत टोचत गेले. मालक खुशीत दोरी धरून उभे.

पाऊस आला, गवत वाढलं. नाल्यापलीकडच्या गावात एकटांग्याने दोन वासरं गेली. बोरखेडीत एकही गेलं नाही. भादव्यात माधवराव फेरीला आले, तेव्हा हौदावर पुन्हा हरिदास होता. त्याने यावेळी दुपट्टा काढला नाही. उलट गोऱ्ह्याला वळवून त्यांच्यासमोर आडवा उभा केला. पाठ चकाकत होती, वशिंड वर आलं होतं. एवढं देखणं जनावर माधवरावांनी नोकरीत आजवर पाहिलं नव्हतं.

"कसा दिसते साहेब?"

माधवरावांनी खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं.

"ठीक," ते म्हणाले. "जरा रोडच वाटतो."

हरिदासचा चेहरा फुलला. "चाला घरी," तो म्हणाला. "चहा घेऊन जाजा."