आधी 'हं' म्हणा

मित्रांनो, मी दवाखान्यातला एक जुना इंटरकॉम आहे. एकोणचाळीस नंबरच्या खोलीत, खाटेच्या उशाशी, भिंतीवर माझी पिवळट पेटी होती. माझं बटण दाबून बोललं की आवाज थेट खालच्या मजल्यावर, डॉक्टरांच्या खोलीत पोहोचायचा; कुठल्या खोलीतून, ते मात्र बोलून सांगावं लागायचं. नवा होतो तेव्हा काय माझा तोरा होता! एका हाकेसरशी डॉक्टर हातातला चहा ठेवून धावत येत.

पुढे मला एक खोड लागली. बटण दाबल्यावर मी जागा होईपर्यंत बोलणाऱ्याची पहिली दोन-तीन अक्षरं गिळून टाकायचो. मजल्याच्या प्रमुख असलेल्या मोठ्या सिस्टरनी त्यावर युक्ती काढली. नव्या नर्सेसना त्या बजावायच्या, "आधी 'हं' म्हणा, मग बोला. म्हाताऱ्याला खाऊ लागतो!" म्हातारा म्हणजे मी. सगळ्या हसायच्या आणि मी सुखावायचो. दुरुस्तीचा अर्ज मात्र कुणी केलाच नाही.

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. तीन वर्षांनी त्या माझ्याच खोलीत रुग्ण म्हणून आल्या. "काय म्हाताऱ्या, अजून आहेस?" म्हणत त्यांनी मला थोपटलं. ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडायच्या दिवशी त्यांची मुलगी पिशवी भरत होती, तेवढ्यात त्यांना श्वास घेता येईना. त्याच आठवड्यात कामाला लागलेली नर्स धावत आली. बटण दाबून ती ओरडली, "एकोणचाळीस! लवकर या, सर!"

मोठ्या सिस्टरनी तिचा हात घट्ट धरला. "हं... हं..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. पोरीला वाटलं, त्या कण्हताहेत. "आलेच हं डॉक्टर, काकू," ती म्हणाली.

'एकोण' मी गिळलं होतं. खाली फक्त 'चाळीस' पोहोचलं. आमच्याकडे खोल्यांचे नंबर वरून खाली येत, म्हणून चाळीस नंबरची खोली खालच्या मजल्यावर, पार दुसऱ्या टोकाला. डॉक्टर तिकडे धावले. चूक कळून ते वर आले, तोवर सगळं संपलं होतं.

मुलगी राहिलेली पिशवी न्यायला आली, तेव्हा माझ्याकडे बघत राहिली. "आई किती लाड करायची याचे," एवढंच म्हणाली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता मी अडगळीत पडून आहे. मला काढलं याचं दुःख नाही, फार उशिरा काढलं याचं आहे. मित्रांनो, जिच्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे अशी वस्तू अडखळू लागली, तर हसून वेळ मारून नेऊ नका. आमच्यावर माया असेल, तर आम्हाला वेळेवर भिंतीवरून उतरवा.